सशांची रनिंग रूम

रामटेके काका कुणालाही "कसे आहात" असं विचारत नसत. ते विचारत, "झोप झाली का?" दूधवाला असो, विजेचं मीटर बघायला आलेला माणूस असो की मतं मागायला आलेला उमेदवार असो, फाटकाशी पहिला प्रश्न हाच. उमेदवार बिचारा हात जोडून नाल्यांबद्दल बोलायला तोंड उघडायचा आणि काका त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं न्याहाळत म्हणायचे, "झोपत नाही वाटते तुमी. पयले झोपा, मंग या." एका रिसेप्शनला तर त्यांनी आदल्या दिवशी लग्न झालेल्या नवरदेवाला आहेराचं पाकीट देता देता हाच प्रश्न विचारला. नवरदेव लाजला, नवरीनं मान खाली घातली आणि मागच्या रांगेतल्या पोरांना पुढचे कितीतरी दिवस पुरेल एवढी करमणूक मिळाली. काकांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही की लोक का हसले.

माझी आणि त्यांची पहिली भेटही याच प्रश्नानं झाली. रायपूरच्या पुरानी बस्तीतलं आमचं भाड्याचं घर सोडून आम्ही रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या या वस्तीत राहायला आलो त्या दिवशीची गोष्ट. केस विस्कटलेले, कडेवर गुंडाळलेली गादी, दारात अर्धा टेम्पो सामान, आणि शेजारच्या फाटकातून आवाज आला, "झोप झाली का?" मला तो टोमणाच वाटला. मी फणकाऱ्यानं "नाही" म्हटलं. थोड्या वेळानं पाहते तर काका मच्छरदाणी, सुतळी आणि हातोडी घेऊन आमच्या घरात हजर. "बाकी सामान मंग लावजा, पोरी. पयले खाट लावा." आमच्या नव्या घरात देवघराआधी आणि गॅसआधी जर काही लागलं असेल तर ती मच्छरदाणी.

या खुळामागं त्यांची नोकरी होती. काकांची सारी हयात रेल्वेच्या रनिंग रूममध्ये गेली. लांबून गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर आणि गार्ड परतीच्या गाडीआधी जिथं आंघोळ करतात, जेवतात आणि झोपतात ती जागा म्हणजे रनिंग रूम, आणि काका तिथले इन्चार्ज. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालणं, वरांड्यात कुणाला चपला वाजवू न देणं, भर दुपारी खोलीत रात्र वाटेल असे पडदे लावणं, हे त्यांचं काम. माणसाला उठवायचीही त्यांची रीत होती. हाक मारायची नाही, खांदा हलवायचा नाही, फक्त तळपायाला हळूच बोट लावायचं. "जागा माणूस कोनाचाबी असते," ते म्हणायचे, "झोपलेला माणूस आपल्या भरोशावर असते." हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणत की समोरच्याला आपण आजवर बेजबाबदारपणे जागे राहिलो असं वाटावं.

काकूंना, म्हणजे कमलकाकूंना, या तत्त्वज्ञानाचं फारसं कौतुक नव्हतं. त्या पहाटेपासून मागच्या बाडीत असत. आमच्याकडे घरामागच्या भाजीच्या वाडीला बाडी म्हणतात. लाल भाजी, चेच भाजी, टोमॅटो, मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड, असा त्यांचा संसार तिथं. दुपारी सगळी वस्ती आडवी झाली तरी काकू बसून काहीतरी निवडत असायच्या. झोपत का नाही म्हणून मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की यांच्या ड्युटीच्या वेळा सांभाळता सांभाळता अंगातली झोपच गेली, आता पाखराच्या पंखानंही जाग येते. मग सुपातली भाजी पाखडल्यासारखी झटकत म्हणाल्या, "यायनं साऱ्या रेल्वेले झोपवलं. साऱ्या दुनियेले विचारतेत. मले एक दिवस विचारलं नाही, कमल, तुयी झोप झाली का." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तर अशा घरात ससे आले. काकांच्या मुलाची बदली हैदराबादला झाली आणि तिथं मिळालेल्या फ्लॅटमध्ये जनावरं ठेवायला मनाई निघाली. नात मिनी चौथीत होती. तिच्या दोन सशिणी होत्या, पांढरी पोहा आणि तांबूस जलेबी. रायपूरच्या सकाळच्या नाश्त्यावरून ही नावं ठेवलेली. दोघी बहिणी आहेत हे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलेलं होतं, त्यामुळे वंशवृद्धीची धास्ती नव्हती. मिनीनं मात्र जायला साफ नकार दिला. जेवण बंद, बोलणं बंद. सगळ्यांनी हात टेकले तेव्हा काकांनी तिला समोर बसवून शब्द दिला की सशांची जबाबदारी त्यांची. मिनीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. ती म्हणाली, "पक्का न, आजोबा? मई में आऊँगी तो दोनों ऐसे ही मोटे मिलने चाहिए."

"मी आजपर्यंत कोनत्या ड्रायव्हरले खोटं बोललो नाही," काका म्हणाले, "तं तुले काहून बोलीन?"

मुलगा-सून-नात गेले आणि काकांच्या अंगात रनिंग रूम पुन्हा संचारली. बाडीच्या कोपऱ्यात टिनाच्या छताची एक खोली होती. ती काकूंची. खुरपी, कुदळ, झारी, शेणखताची पोती आणि कापडाच्या पुरचुंड्यांत बांधून टांगलेलं बी. काकांनी ती एकदम मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आधी त्यांनी छत गळतं, खुरप्या गंजतील अशी काळजी व्यक्त केली, आणि खुरप्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गेल्या. मग खताच्या वासानं काकूंच्या डोक्याला त्रास होतो असा शोध लावला. ज्या बाईनं जन्मभर त्या खतात हात घातले तिला तो त्रास तेव्हाच कळला. बी कपाटात साड्यांच्या मागं गेलं. एक दिवस काकूंना त्यांची झारी न्हाणीघरात नळाला लटकलेली सापडली, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आता मले घराबाहेर काढाचं राह्यलं फक्त."

खोली मात्र काकांनी अशी केली की पाहत राहावं. भिंतींना आतून चुना. टिनावर पैऱ्याचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, जाड थर, त्यावर ओलं गोणपाट. खिडक्यांना मुंगूस आणि मांजर यांच्यासाठी बारीक जाळी. खाली विटांची गार फरशी, त्यावर कोरडा पैरा. लपायला आडवे घातलेले जुने माठ, दात घासायला पेरूच्या फांद्या, उकरायला माती भरलेलं घमेलं. वायरी कुरतडू नयेत म्हणून पाइपात. दाराला वाळ्याचा पडदा. आणि बाहेर पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी: कृपया शांति रखें, कर्मचारी विश्राम कर रहे हैं. हे कर्मचारी दिवसभर काय काम करतात असं मी विचारलं. काका म्हणाले, रात्रपाळी.

आत बरोबर मधोमध त्यांनी प्लायवूडचा एक उभा तक्ता लावला होता. इकडे पोहा, तिकडे जलेबी. प्रत्येकीला आपला माठ, आपलं पाण्याचं भांडं, आपली खिडकी. मुलाच्या घरी दोघी एकाच पिंजऱ्यात राहत, पण काकांच्या मते ते अज्ञानातून घडलेलं होतं. रनिंग रूमचा नियम होता, दोन माणसं, दोन खाटा. "दोघायले एका जागी झोपवलं तं एकबी झोपत नाही," त्यांनी मला समजावलं. "एक घोरते अन् दुसरा आयकते." घरातही त्यांनी हा नियम पाळलेला होता. ड्युटीच्या दिवसांपासून काका पुढच्या खोलीत आणि काकू आतल्या, ते निवृत्तीनंतरही तसंच राहिलं.

चैत्र संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग ऊन चढलं. आमच्याकडचं ऊन नुसतं तापत नाही, ते घरात येऊन बसतं. एक दिवस जलेबीनं पालक तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पोहानं. दोघी आपापल्या बाजूला तक्त्याला चिकटून पसरायच्या आणि हलायच्या नाहीत. काकांनी त्यांना टोपलीत घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोटं चाचपली, दात पाहिले, काही दोष दिसत नाही म्हणाल्या. उन्हामुळं असेल, थंड ठेवा, पण सशानं खाणं सोडलं तर तो फार टिकत नाही, हे लक्षात ठेवा, असंही सांगितलं. काका टोपली मांडीवर घेऊन रिक्षातून परत आले तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याला झोपेचं काही विचारलं नाही. मिनीचं तिकीट निघालेलं होतं.

त्यानंतर काकांनी उन्हाशी युद्ध मांडलं. पाण्याच्या बाटल्या बर्फ करून, फडक्यात गुंडाळून सशांच्या कुशीला ठेवल्या. पडद्यावर दर थोड्या वेळानं पाणी. काकूंचा फ्रीज बाटल्यांनी इतका भरला की दह्याला जागा उरली नाही. शेवटी पाहुण्यांच्या खोलीतला कूलर नाहीसा झाला. जलेबीनं कोथिंबिरीची दोन पानं हुंगली आणि तोंड फिरवलं. मी फाटकाशी त्यांना गाठलं तेव्हा डोळे लाल झालेले होते. मी त्यांचाच प्रश्न विचारला, "काका, झोप झाली का?"  ते खांद्यावरच्या गमछ्यानं तोंड पुसत आत गेले.

अशा वेळी गोंदियाहून काकूंचे भाऊ आले. भास्करमामा. देह भरघोस, आवाज त्याहून भरघोस, आणि घोरण्याची कीर्ती दोन राज्यांत पसरलेली. काकांचं आणि त्यांचं फारसं पटत नसे, कारण मामा कुठंही, केव्हाही, गादी नसतानाही झोपू शकत. आपल्या साऱ्या कौशल्याचा हा अपमान आहे असं काकांना वाटे. मामांनी जेवून पाहुण्यांच्या खोलीत पाय टाकला आणि कूलर कुठं म्हणून विचारलं. काका डोळ्याची पापणी न लववता म्हणाले की मोटर जळली, भनपुरीच्या फिटरकडं दिला. ड्रायव्हरांशी खोटं न बोलणारा माणूस मेहुण्याच्या बाबतीत तेवढा काटेकोर नव्हता.

काका डुलकी काढायला पुढच्या खोलीत गेले. मामा घामानं डबडबलेले बाडीत हात धुवायला आले, तेव्हा त्यांना भनपुरीला गेलेल्या कूलरचा आवाज ऐकू आला.

मला काकांनी बोलावलं ते खुणांनी. मी गेले तर ते बाडीतल्या त्या खोलीबाहेर ताटकळत उभे होते, चपला हातात. आतून मालगाडी चालल्यासारखा आवाज येत होता. मामा सशांच्या पैऱ्यावर आडवे झाले होते, पडद्याखालून त्यांचे पाय तेवढे दिसत होते. काकांचा चेहरा रागानं लाल झाला होता, आणि तरीही ते कुजबुजत होते. सशांची हवा हा माणूस खातोय, आधीच बिचाऱ्या खात नाहीत, त्यात हा गडगडाट, आता त्या काही वाचत नाहीत. मग उठवा ना त्यांना, मी म्हटलं. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू भलतंच सुचवलं.

"झोपलेल्या माणसाले उठवाचं नाही, पोरी. त्याची गाडी संध्याकाळची हाये."

म्हणून आम्ही उभे राहिलो. टळटळीत ऊन, काका घड्याळाकडं पाहतायत, आणि ज्या मेहुण्याला त्यांनी आनंदानं उचलून रुळावर ठेवलं असतं त्याच्या झोपेचा पहारा करतायत. भंगारवाला ओरडत आला तर त्यालाही त्यांनी हातानंच पिटाळलं. शेवटी हा तमाशा काकूंना दिसला. त्या सरळ आल्या, पाटी वाचली, आणि नवऱ्याच्या नियमांना भीक न घालता पडदा बाजूला केला.

मामांना अर्ध्या खोलीत मावणं शक्यच नव्हतं. त्यांनी तक्ता उपटून भिंतीला टेकवून ठेवला होता आणि खोलीभर पसरले होते. त्यांच्या पोटाच्या सावलीत पोहा आणि जलेबी एकमेकींना चिकटून, जवळजवळ एकच ससा असल्यासारख्या, बसल्या होत्या. जलेबी पोहाचा कान चाटत होती. सकाळच्या पालकाच्या जुडीचे नुसते देठ उरले होते, आणि पोहा आता मामांच्या गमछ्याचं टोक चवीनं खात होती.

 काका हळूच म्हणाले की कूलरचा गुण आला शेवटी.

"कूलर तं काल बी होता," काकू म्हणाल्या. त्यांनी तक्त्याकडं बोट दाखवलं. "वेगळ्या खाटा पाह्यजे म्हनून त्यायनं सांगतलं होतं का तुमाले? विचारलं होतं त्यायले?"

  नियमांची आख्खी पुस्तकं कोळून प्यायलेल्या काकांनी वाकून तक्ता उचलला, मामांच्या पायांवरून अलगद काढला आणि बाडीत नेऊन ठेवला. संध्याकाळी गाडीच्या वेळेला मामांच्या तळपायाला बोट लावलं. मामा उठले, आणि काकांनी दात-ओठ आवळत का होईना, विचारलं, झोप झाली का. मामा म्हणाले, असा कूलर आपल्या जन्मात पाहिला नाही, भनपुरीच्या फिटरला त्यांचा नमस्कार सांगा. तो तक्ता पुढं काकूंनी खताच्या खड्ड्यावर झाकण म्हणून वापरला.

मिनी आली तेव्हा दुपार होती. ती बॅग टाकून खोलीकडं धावली आणि काकांनी तिला पाटीपाशीच अडवलं. कर्मचारी झोपले आहेत, उठेपर्यंत थांबावं लागेल. ती रुसली, पाय आपटणार होती, पण आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं तेव्हा पाय हवेतच थांबला. मग दोघं पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसले. ऊन कलल्यावर पडदा हलला, आधी जलेबी आली, मग पोहा. मिनीनं दोघींना एकेक करून उचललं, वजनाचा अंदाज घेतला, आणि निकाल दिला, "मोटे तो नहीं हैं. पर खुश हैं." काकांनी मान खाली घालून तो निकाल स्वीकारला. मी तिथंच होते, आणि काकांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

काका गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं, तिथं नर्सबाईंना तुमची झोप झाली का विचारलं, आणि सकाळपर्यंत संपलं. ससे काकूंपाशीच आहेत. त्या घराच्या फाटकातून मला आता कुणी काही विचारत नाही, आणि त्याची सवय होत नाही.

पण मला काका आठवतात ते मिनी परत गेली त्या दिवशीचे. घरात पाहुण्यांचा राबता संपला होता. मी काकूंचा डबा परत द्यायला गेले. घरात कुणी नव्हतं. बाडीत पाहते तर काका खोलीबाहेर स्टूल टाकून बसलेले, चपला मांडीवर, ओठांवर बोट. ससे झोपलेत का, मी खुणेनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग अगदी हळू आवाजात सांगितलं की काकू सशांना पाणी द्यायला आत गेली, गार वाटलं म्हणून जरा टेकली, आणि लागली तिला झोप. हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की कुणी मोठा साहेब त्यांच्याकडं मुक्कामाला उतरलाय.

मी पण पायरीवर बसले. काकांनी मध्येच उठून नळाचा थेंब थेंब बंद केला. मुनग्यावर चिमण्या भांडत होत्या, त्यांच्याकडंही रागानं पाहिलं. असं ऊन उतरेपर्यंत चाललं. मग वाळ्याचा पडदा हलला आणि काकू दारात आल्या. गालावर गोणपाटाचे वळ, केसांत पैऱ्याच्या काड्या, डोळे अर्धे मिटलेले. काका स्टुलावरून उठून उभे राहिले. चपला खाली पडल्या. घसा खाकरला, एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा जमिनीकडं.

"कमल," ते म्हणाले, "झोप झाली का?"

काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं.  मग म्हणाल्या, "नाही," आणि आत जाऊन पडदा ओढून घेतला.

काकांनी स्टूल जरा सावलीत सरकवलं आणि पुन्हा बसले.